संत्र्याचे पांढरे धागे आणि रक्तवाहिन्यांचा दाह

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

लकडगंज ही नागपुरातली लाकडाच्या वखारींची आणि आरा गिरण्यांची वस्ती. कळमन्याचा बाजार येथून फार दूर नाही, त्यामुळे अंबिया बहार आला की आमच्याकडे घरोघरी संत्री येतात. साल काढायची, फोडींवरचे पांढरे धागे निगुतीने सोलून टाकायचे आणि मग फोड तोंडात टाकायची, ही आपली रीत. मला आज बोलायचे आहे ते या टाकून दिलेल्या धाग्यांविषयी.

त्या धाग्यांत आणि सालीत हेस्पेरिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या मोठ्या कुळातले ते एक. कांदा, चहा, कोको यांतही या कुळातली द्रव्ये असतात. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले, कारण त्यांनी केशवाहिन्यांतून होणारी गळती थांबते असे त्याला दिसले. पुढे ते जीवनसत्त्व नव्हे असे ठरले. पण रक्तवाहिन्यांशी असलेल्या नात्याचा शोध सुरूच राहिला.

हे नाते समजून घेऊ. रक्तवाहिनीचे आतले अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्याने वाहिनी सैल राहते. बिडी, खर्रा, वाढलेला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांनी हे अस्तर दुखावते. मग त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, आत शिरतात आणि दाह धुमसत राहतो. वर्षानुवर्षे थर साचतो. एखाद्या दिवशी तो फुटून गुठळी होते आणि झटका येतो.

प्रयोगशाळेत हेस्पेरिडिन हा दाह कमी करताना दिसते. फ्रान्समध्ये २४ निरोगी, पण थोड्या स्थूल पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस किंवा तेवढेच हेस्पेरिडिन दिले, तेव्हा त्यांचा खालचा रक्तदाब थोडा उतरला. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. पण २४ माणसे म्हणजे फार थोडी. शिवाय हेस्पेरिडिन थेट रक्तात जात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू ते फोडतात, तेव्हा त्यातला थोडाच भाग शोषला जातो.

मोठी चाचणी झाली ती कोकोतल्या फ्लॅव्होनॉइडांची. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदयविकाराने होणारे मृत्यू घटलेले दिसले. मात्र झटका, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून जी घट झाली, ती योगायोगाने झाली नाही असे छातीठोकपणे म्हणण्याइतकी नव्हती.

मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांसाठी डायोस्मिन व हेस्पेरिडिनच्या गोळ्या डॉक्टर देतात. परंतु हे शिरांचे औषध; हृदयाच्या धमन्यांचे नव्हे.

असे काही वर्तमानपत्रात छापून आले, की ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, “मग रक्तदाबाची गोळी बंद करू का?” माझे उत्तर एकच: नाही. गोळी अचानक सोडल्याने रक्तदाब उसळतो, आणि ते नुकसान संत्र्याने भरून निघत नाही. संत्रे जरूर खा, धाग्यांसकट खा. मधुमेह असेल तर रसाऐवजी फोडी बऱ्या, त्याही बेताने. आणि अस्तराला खरोखर जपायचे असेल, तर आधी खर्रा सोडा.