आवाज जर्मनीतून येतो, पण माणूस कुठे बसलाय?

‘निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक स्पष्ट करा.’ या प्रश्नाचं उत्तर आपण सगळे पाठ करून लिहितो. मला तो फरक खरा कळला १९४२ सालच्या एका कृष्णधवल सिनेमामुळे: ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’. तासाभराचा आहे, बघून टाका. (खाली शेवट फोडणार आहे, आधीच सांगते.)

कॉनन डॉयलची ‘हिज लास्ट बो’ ही कथा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडते. सिनेमाने तिचा नावापुरता आधार घेतला आणि बॅझिल रॅथबोनच्या होम्सला थेट दुसऱ्या महायुद्धात आणून बसवलं. जर्मन रेडिओवरून एक आवाज ब्रिटनमधल्या घातपातांची घोषणा करतो, आणि तो बोलत असतानाच ते घडतात. माणसं मरतायत, लोक घाबरलेत. गुप्तचर खात्याची समिती शेवटी होम्सला बोलावते.

आता समितीला नक्की काय माहीत आहे ते बघा. प्रक्षेपण जर्मनीतून येतंय, हे निरीक्षण. पण बोलणारा माणूसही जर्मनीत माइकसमोर बसलाय, हे अनुमान. दोन्ही वाक्यं इतकी चिकटलेली आहेत की मधला सांधा कुणालाच दिसत नाही. होम्स नेमका तिथेच बोट घालतो. तो ऑसिलोस्कोपवर आवाजाच्या लहरी बघतो आणि म्हणतो, हे थेट भाषण नाही, ही तबकडी आहे. इंग्लंडमध्ये रेकॉर्ड करून विमानाने जर्मनीला पाठवलेली. ‘इथे घडलेलं तिथे लगेच कसं कळतं?’ हे कोडं मग आपोआप सुटतं. त्याला काही कळत नाहीये, घातपाताची योजनाच आधी ठरलेली आहे.

पण परीक्षक म्हणून हा पेपर माझ्याकडे आला असता, तर मी ‘मेजर रिव्हिजन’ लिहिलं असतं. तबकडीचे पुरावे असतात, नाही असं नाही: सुईची खरखर, फिरत्या यंत्राची खालच्या फ्रिक्वेन्सीची घरघर, वेग किंचित हलल्यामुळे डोलणारा सूर. पण आवाज रेडिओवरून आला की त्यात वातावरणाचा खरखराट आणि रिसीव्हरचा गुणगुणाट मिसळतो. मग खरखर तबकडीची की वाटेतली? ते ठरवायला त्याच मार्गाने आलेलं, नक्की थेट असलेलं प्रक्षेपण शेजारी ठेवून बघावं लागतं. म्हणजे कंट्रोल. आणि समजा तबकडी सिद्ध झाली, तरी ती इंग्लंडमध्येच बनली हे लहरींवरून कळत नाही. ते दुसरं अनुमान आहे, त्याला वेगळा पुरावा हवा.

होम्सचा माणूस गॅव्हिन मरताना फक्त ‘क्रिस्टोफर’ म्हणतो. आपण ऐकताक्षणी माणूस शोधायला लागतो. निघते लंडनची एक गोदी. आणि तो आवाज? समितीतलेच सर इव्हॅन बॅरहॅम, म्हणजे त्यांचं सोंग घेऊन बसलेला जर्मन हेर. ज्या खोलीत पुरावे तपासले जात होते, त्याच खोलीत तो पहिल्यापासून हजर होता.

मी हसू शकत नाही. माझ्या डेटात एक सुरेख पीक आलं होतं, तीन आठवडे मी त्याला सॅम्पलचा गुणधर्म समजत होते. ५० हर्ट्झवर होतं. भिंतीतल्या विजेचं.

घरी करून बघा. मित्राला बोलायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ते स्पीकरवर वाजवून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि दोन्ही फाइल्स ऑडॅसिटीत उघडून स्पेक्ट्रम शेजारीशेजारी ठेवा. फरक दिसला की थांबा: मोबाइलही बदललाय ना? आता दोन्ही वेळा एकच मोबाइल वापरून पुन्हा करा.