ढवळणीची मोटर : क्वाथापासून अवलेहापर्यंत

लहान औषधशाळा चालविणाऱ्या आपल्यापैकी अनेकांपुढे आज एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा आहे. भट्टीसमोर तासन्‌तास उभे राहून सराटा फिरविणारा माणूस मिळत नाही. मिळालाच तर टिकत नाही. साहजिकच पात्रावर मोटर बसविण्याचा विचार मनात येतो. बाजारात गेल्यावर दुकानदार पहिला प्रश्न करतो, "किती अश्वशक्तीची हवी?" वस्तुतः आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. आपण ढवळणार काय?

शार्ङ्गधरांनी क्वाथासाठी सोळापट जल व अष्टमांश अवशेष सांगितला आहे. असा क्वाथ बहुतांशी पाण्यासारखाच पातळ राहतो. भरड तळाशी बसू नये, उष्णता सर्वत्र सारखी पोहोचावी, एवढेच तेथे साधावयाचे असते. अरिष्टासाठी गाळलेल्या क्वाथात गूळ विरघळवितानाही फारसे बळ लागत नाही. मात्र गती वाढविण्याचा मोह टाळावा. पातळ द्रवात पाते दुप्पट गतीने फिरविले, तर लागणारी शक्ती सुमारे आठपट होते, आणि पात्राच्या मधोमध भोवरा पडून द्रव नुसताच गोल फिरत राहतो. दांडा मध्यापासून थोडा बाजूला घेतल्यास हा भोवरा मोडतो.

अवलेहाची गोष्ट वेगळी. येथे प्रस्तुत लेखकाने स्वतः मोजलेली किंमत सांगणे उचित ठरेल. एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही हातड्रिलची मोटर रेग्युलेटर लावून ढवळणीस जोडली होती. क्वाथावर तिने महिनाभर उत्तम काम केले. त्या विश्वासावर वासावलेहाचे पात्र तिच्या स्वाधीन केले. पाक तंतुमान होऊ लागला तशी ती कण्हू लागली आणि नेमकी जेव्हा ढवळण्याची सर्वाधिक गरज होती तेव्हाच थांबली. खाली अग्नी चालूच होता. वाईंडिंग जळाल्याचा वास आणि साखर करपल्याचा वास एकदमच आला. संपूर्ण पात्र टाकून द्यावे लागले. रुग्ण औषधाची वाट पाहत होते, त्यांना काय सांगावे हे सुचेना.

दोष मोटरचा नव्हता, निवडीचा होता. ड्रिल किंवा मिक्सरची मोटर मुळात अतिवेगाने व थोडा वेळ चालण्यासाठी घडविलेली असते. रेग्युलेटरने तिची गती उतरविली की तिला थंड ठेवणारा पंखाही मंदावतो. दांड्याला पिळण्याचे बळ, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, ते मात्र वाढत नाही. गिअर बॉक्सने गती उतरविल्यास ते वाढते. पाव अश्वशक्तीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची इंडक्शन मोटर सुमारे 1.2 न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिलाच 30 पट गती कमी करणारा गिअर बॉक्स जोडला, तर दांडा 48 फेऱ्यांनी फिरतो, आणि एक तृतीयांश बळ घर्षणात गेले असे धरले तरी 24 न्यूटन-मीटर हाती राहते. तेव्हा मोटर पाकाच्या अखेरच्या, सर्वांत दाट अवस्थेसाठी निवडावी. आरंभीच्या पातळ अवस्थेस ती आपोआप पुरते. पाते तळाला घासून जाणारे, नांगराच्या आकाराचे असावे. थर्मल ओव्हरलोड संरक्षण तर हवेच. मात्र मोटर बंद पडली की घंटा वाजेल अशी सोय नसेल, तर अग्नीजवळ माणूस ठेवावाच.

वाफेचा विचार बहुधा कोणी करीत नाही. पात्राच्या थेट वर बसविलेली मोटर दिवसभर वाफ पिते. म्हणून ती पूर्ण बंदिस्त घ्यावी, शक्यतो बाजूच्या कंसावर बसवावी. गिअर बॉक्समधील तेल दांड्यावरून ओघळून औषधात उतरू शकते. त्याखाली एक लहान ताटली लावणे अत्यावश्यक. दांडा व पाते स्टेनलेस स्टीलचे असावे. अर्थिंग तपासल्याखेरीज ओल्या जमिनीवर कोणालाही बटण दाबू देऊ नये.

आमच्याकडे आता दांड्याच्या वरच्या टोकाशी एक खिट्टी आहे. ती काढली की मोटर सुटी होते आणि हाताचा दांडा बसतो. वीज गेली की पाक थांबत नाही, त्यावेळी तोच उपयोगी पडतो.