जुन्या जीपचा ताप आणि त्याचें निदान

अकोल्याहून वाशीमकडे येतांना पातूर मागें पडलें कीं घाटाची चढण लागते. गेल्या चैत्रांत, शाळेचीं पुस्तकें घेऊन परततांना, भर दुपारीं त्याच चढणीवर आमच्या शाळेच्या जुन्या जीपनें आम्हांस उभें केलें. उष्णतामापकाचा कांटा तांबड्या रेघेपलीकडे गेला व पुढल्या जाळींतून वाफेचे लोट निघूं लागले. बरोबरचा नववींतील एक विद्यार्थी धांवत पुढें गेला आणि रेडिएटरच्या झांकणास हात घालणार, तोंच चालकानें त्याचें मनगट धरिलें. क्षणाचा उशीर झाला असता, तर त्या मुलाच्या आईस काय सांगावें हा प्रश्न आम्हांस पडला असता.

वाशीमास पोंचल्यावर एका मिस्त्रीनें गाडी पाहिली व रेडिएटर निकामी झाला आहे, नवाच घ्यावा लागेल, असें सांगितलें. त्यासाठीं पालकांकडून वर्गणी जमविण्याचें बोलणें सुरू झालें. ज्या घरांत सोयाबीनच्या एका हंगामावर वर्षाचा संसार चालतो, त्या घरापुढें हात पसरण्यापूर्वीं गाडीचें दुखणें खरोखर काय आहे हें पाहणें आमचें कर्तव्य होतें. त्या शोधांत आम्ही जें शिकलों, तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

जीप ही आपल्याकडील जुनी रहिवासी आहे. दुसऱ्या महायुद्धासाठीं अमेरिकेंत घडविलेल्या या गाडीची जोडणी पुढें मुंबईंत सुरू झाली. ज्या कंपनीनें हें काम हातीं घेतलें, तिनें १९४८ सालीं महिंद्रा अँड महिंद्रा हें आजचें नांव धारण केलें. चारही चाकांस जोर देतां येत असल्यामुळें काळ्या जमिनीच्या चिखलांतूनही ही गाडी वाट काढिते.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाची सारी शक्ति चाकांस मिळत नाहीं. स्थूलमानानें चौथा ते तिसरा हिस्सा कामास येतो. उरलेल्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर बाहेर जाते व कांहीं इंजिनाच्या धातूंत शिरते. धातूंतील ही उष्णता वाहून नेण्याचें काम पाणी करितें. पंप पाण्यास सिलिंडरांभोंवतीं फिरवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून उतरतांना वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या नळीनें पुन्हां पंपाकडे जातें. या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल असतो. त्याच्या पोटांत बहुधा मेण असतें. इंजिन थंड असतां तो दार लावून घेतो. पाणी सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें कीं मेण वितळून फुगतें व दार उघडतें.

आतां त्या झांकणाविषयीं. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच असल्यामुळें उघड्या भांड्यांतील पाणी येथें ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. रेडिएटरचें झांकण मात्र वाफ कोंडून दाब वाढवितें. सात पौंडांचें झांकण असेल, तर तेंच पाणी सुमारें ११० अंशांपर्यंत न उकळतां राहतें. अशा वेळीं झांकण उघडलें, तर दाब एकदम नाहींसा होतो आणि पाणी त्याच क्षणीं उकळून उघडणाराच्या तोंडावर उसळतें. यास्तव गाडी सावलींत उभी करावी, इंजिन बंद करावें, आणि तें पुरतें निवेपर्यंत, मग अर्धा तास लागो कीं एक तास, झांकणास शिवूं नये. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतणें हेंही घातक आहे. त्यानें ओतीव लोखंडास तडा जाऊं शकतो.

वैद्य रोग्यास विचारतो, "ताप केव्हां चढतो?" जीपच्या बाबतींतही हाच प्रश्न प्रथम विचारावा.

गाडी उभी असतां किंवा हळू चालतांना तापते व वेगानें धांवतांना निवते, तर दोष वाऱ्याचा समजावा. पंख्याचा पट्टा ढिला झाला असेल. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्यानें दाबावा. तो अर्ध्या-पाऊण इंचाहून फार अधिक लवूं नये.

उलट, उभी असतां ठीक व चढणीवर किंवा वेगांत तापते, तर दोष रेडिएटरचा किंवा पाण्याच्या वाटेचा. माळावरील गवताचीं कुसळें व चिखल रेडिएटरच्या जाळींत रुतून बसतात. तेव्हां इंजिनाच्या बाजूनें बेताच्या जोराचें पाणी मारून तीं पुढें काढावीं. आंतून क्षार बसले असतील, तर तें बाहेरून दिसत नाहीं. आपल्याकडील अनेक विहिरींचें पाणी जड, म्हणजे साबणास फेंस न येऊं देणारें. पाणी तापविण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. म्हणून रेडिएटरांत क्षाररहित पाणी व योग्य प्रमाणांत कूलंट घालावें.

सुरू केल्यावर थोड्याच वेळांत इंजिन तापतें, पण वरची नळी थंडच राहते, तर द्वारपाल दार लावून झोंपला आहे, म्हणजे थर्मोस्टॅट अडकला आहे. पाणी रोज कमी होतें, गळती कोठेंच दिसत नाहीं, धूर पांढरा येतो, रेडिएटरांत बुडबुडे उठतात किंवा वंगणाचें तेल दुधाळ होतें, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय धरावा व गाडी न चालवितां कारागिरास दाखवावी.

कांहीं जुन्या गाड्यांत थंडीसाठीं हीटर असतो. तो म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच होय. इंजिन तापल्यावर त्याच्या दोन नळ्यांपैकीं एक ऊन व दुसरी थंड लागली, तर तो आंतून तुंबला असावा. दोन्ही थंड लागल्या, तर तोटी बंद असेल किंवा हवा कोंडली असेल. उन्हाळ्यांत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, ती चांगली नव्हे. त्यामुळें पौषाच्या सकाळीं हीटरमधून गार वारा येतो, आणि इंजिन पुरतें न तापल्यानें इंधन अधिक जळतें व झीज वाढते. चढणीवर कांटा चढूं लागला असतां हीटर पूर्ण उघडावा. आंत बसलेल्यांस घाम फुटेल, पण इंजिनाची कांहीं उष्णता तेथून निघून जाईल.

दुसऱ्या दिवशीं शाळेच्या आवारांत कडुनिंबाखालीं जीप उभी करून आम्ही हेच प्रश्न क्रमानें विचारले. उभी असतां कांटा स्थिर होता. पट्टा ताठ होता. जाळी स्वच्छ होती. आम्ही रेडिएटरवर ठपका ठेवण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत घाटांत ज्याचें मनगट धरावें लागलें होतें, तोच विद्यार्थी दूर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, खालची नळी पाहा!" चालकानें इंजिनाचा वेग वाढविला कीं ती नळी चोखलेल्या आंब्याप्रमाणें चपटी होई, आणि वेग कमी होतांच पुन्हां फुगे. तिच्या आंतील तारेचें वेटोळें गंजून गेलें होतें. पंपाच्या ओढीनें नरम रबर मिटे व ऐन चढणीवर, जेव्हां पाण्याची गरज सर्वांत अधिक, तेव्हांच त्याची वाट बंद होई.

नवी नळी एका क्रमिक पुस्तकाच्या किंमतींत मिळाली. पुढल्या आठवड्यांत त्याच घाटावर कांटा मध्याच्या पुढें गेला नाहीं. रेडिएटर जुनाच आहे, आणि वर्गणीचा कागद कोरा राहिला.

असो. मुलांनो, घरीं मोटारपंप असो, ट्रॅक्टर असो वा आजोबांची जुनी जीप, ती बिघडली तर आधीं भाग बदलूं नका. ती केव्हां बिघडते तें पाहा, लिहून ठेवा, आणि स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मूल यंत्राजवळ उभें राहून "असें कां?" म्हणून विचारूं लागलें, तर त्यास दूर लोटूं नये. धोक्याच्या जागीं त्याचें मनगट धरावें, आणि इतर ठिकाणीं त्यास मोकळेपणानें पाहूं द्यावें.