विष कुणाला ओळखत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीत धानाला लोंबी आली की रानडुकरं शेतात उतरतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवली जाते. राखणीला जागलेली मुलं सकाळी आमच्या वर्गात पेंगतात. त्यामुळे आमिषात कीटकनाशक कालवणाऱ्या शेतकऱ्याचा राग आम्हाला समजतो. पण ते विष डुकरापाशी थांबत नाही.

जुलै २०१९ मध्ये चिमूर तालुक्यात एक वाघीण आणि तिचे दोन बछडे विषबाधेने मेले. जनावर गमावलेल्या शेतकऱ्याने कलेवरावर विष टाकल्याचं तपासात पुढे आलं. गिधाडांना तर कुणी मारायलाही निघालं नव्हतं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद झालं. पुढे गडचिरोलीत वनविभागाला गिधाडांसाठी निर्धोक मांसाची ‘उपाहारगृहं’ उभारावी लागली.

बांधावरचं आमिष आपली शेळी खाऊ शकते, लहान मूलही उचलू शकतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही विष घालणं म्हणजे शिकारच.

पेरलेल्या पिकातून पाखराने, जनावराने खाल्लं तर तोही सदका, असं आपण मुलांना शिकवतो. पण अख्खं शेत गेलेल्या घराला एवढं पुरत नाही. नुकसान दिसताच वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. शेजाऱ्याला लिहिता येत नसेल तर त्याचा अर्ज आपण लिहून देऊ. आणि कीटकनाशकाचा डबा आजच कुलपात ठेवू.