जास्वंदीवरचा बल्लव

आमच्या नाशिकच्या घराच्या मागील दारी आईने लावलेली जास्वंद आहे. आई गेली, देवाला फूल मात्र अजून तिच्याच झाडाचे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसला. पीठ भुरभुरावे तसा पांढरा थर. कोवळी पाने आवळून त्यांचे गुच्छ झाले, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. (‘पिठ्या’ हे विशेषण काय चपखल योजले आहे! भाषेच्या मास्तराला संकटातही हेच सुचायचे.)

दात घासायचा जुना ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन मी बसलो. त्यांत काही किडे चांगले लठ्ठ, अर्ध्या इंचाचे, अंगभर मेणाच्या झिरमिळ्या ल्यालेले. हेच म्होरके, असे ठरवून आधी त्यांनाच चिरडले. तीन सकाळी हा पराक्रम चालला.

चौथ्या दिवशी एक जुना विद्यार्थी आला. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग आहे. झाड पाहून म्हणाला, “सर, हे काय केलंत? हे ढेकूण नव्हेत, ढेकणांना खाणारे आहेत!”

या प्राण्याचे नाव क्रिप्टोलेमस. चित्रांग भुंगेऱ्यांच्या कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी त्याला 1898 साली दक्षिण हिंदुस्थानात आणले. ते काम काही त्याच्याकडून झाले नाही. पण पिठ्या ढेकणावर तो असा तुटून पडतो, की आज द्राक्षबागायतदार त्याला विकत आणून बागेत सोडतात. भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट, डोके तांबूस. मादी अंडी घालते ती ढेकणांच्या कापसासारख्या अंडपुंजक्यांत; म्हणजे अळी जन्मते तीच भरल्या ताटावर. आणि वेष सावजाचाच! विराटाच्या मुदपाकखान्यातला बल्लव आठवावा. फरक इतकाच, की हा रांधत नाही, नुसता जेवतो. मोठी होईतो एक अळी शेकडो अंडी-पिल्ले फस्त करते.

“औषध मारू नका, मुंग्या अडवा,” विद्यार्थी म्हणाला. ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, भुंगेऱ्यांना हुसकतात. मी खोडाला ग्रीस फासलेली कागदी पट्टी बांधली. वरच्या फांदीवर माझ्या ब्रशातून सुटलेल्या तीन अळ्या होत्या. रोज चहाचा पेला घेऊन त्यांच्यापाशी उभा राहू लागलो.

पुढे पावसानेही हात दिला असेल. सारे श्रेय त्या तिघींना कसे द्यावे? पण घटस्थापनेला झाडावर पाच फुले होती. ब्रश मात्र सौभाग्यवतींनी टाकलेला नाही. माझ्या नजरेस पडेल असा खिडकीत ठेवला आहे.