ऋतू नसलेल्या ग्रहाचा तापमापक

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, गुरूचा जेमतेम तीन. त्यामुळे गुरूवर उन्हाळा-हिवाळा असा फरक नावालाच असणार, हे गृहीतच होतं. १९७३-७४ मध्ये पायोनियर १० आणि ११ ही यानं शेजारून गेली, तेव्हा फिकट पट्टे थंड आणि काळपट पट्टे उबदार असं एक ढोबळ चित्र हाती आलं. पण यान काय, आलं आणि गेलं. गुरूचं एक वर्ष आपल्या जवळपास बारा वर्षांचं. त्याच्या हवेची चाल कळायची तर तळ ठोकूनच बसायला हवं.

ते बसणं १९७८ साली सुरू झालं. खगोलशास्त्रज्ञ ग्लेन ऑर्टन आणि सहकारी हवाईतल्या मौना केआ पर्वतावरून, पुढे चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीतूनही, गुरूची अवरक्त किरणांतली उष्णता मोजत राहिले. काम किचकट. या तरंगलांबीत आपलं आकाश तळपत असतं आणि खुद्द दुर्बीणही. म्हणून दुर्बिणीतला छोटा आरसा सेकंदात काही वेळा गुरूवरून शेजारच्या मोकळ्या आकाशाकडे वळवायचा आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरेल तो गुरू. त्यात उपकरणं बदलत गेली, तेव्हा जुन्या-नव्या नोंदी एका मापावर आणायच्या. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, निधीही कुरकुरतच मिळतो.

चार दशकांचा हा हिशेब डिसेंबर २०२२ मध्ये 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'त प्रसिद्ध झाला. ऋतू नसलेल्या ग्रहाचं तापमान ठरावीक काळाने चढत-उतरत होतं! त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे, उत्तरेकडचा एखादा पट्टा तापला की दक्षिणेत तेवढ्याच अक्षांशावरचा पट्टा निवायचा. मधे हजारो किलोमीटरचं अंतर. प्रशांत महासागरातल्या एल निनोने आपला पाऊस बिघडावा, त्या जातीचं हे नातं. विषुववृत्ताजवळ तर खालच्या तपांबरात पारा चढला की वरच्या स्थितांबरात तो उतरताना दिसला. म्हणजे वरच्या थरातल्या घडामोडी खालच्या हवामानाला हलवत असाव्यात, किंवा उलट. कोण कोणाला हलवतं, हे मात्र या नोंदींतून ठरत नाही.

चक्रं सापडली ती सुमारे चार, आठ आणि दहा ते चौदा वर्षांची. चार वर्षांचं चक्र या काळात दहा वेळा तरी फिरलं असेल, त्यावर भरवसा ठेवता येतो. सर्वांत लांब चक्राच्या मात्र फार तर तीन-चार फेऱ्या झाल्या. तेवढ्यावर गुरूचं पंचांग मांडायला मी तरी धजावणार नाही.