लॅटिन वेदीपाशी, मराठी ओसरीवर

4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकभाषेत अर्पण करायची वाट मोकळी झाली. वसईतल्या, साष्टीतल्या, मुंबईच्या गावठाणांतल्या कॅथलिकांच्या कानावर मराठी मिस्सा पडू लागली ती त्यानंतर. तोवर वेदीवरचं सगळं लॅटिनमध्ये. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभे, त्यांचे शब्द मागच्या बाकांपर्यंत पोचायचे नाहीत आणि पोचले तरी कळायचे नाहीत. मग माणसं चर्चमध्ये काय करायची? जपमाळ ओढायची. पुढे फादरांची लॅटिन प्रार्थना चालू आणि मागे आजीबाईंची मराठी. घंटी वाजली की दोन्हीकडचे लोक एकदम गुडघ्यावर.

या व्यवस्थेचा एक परिणाम अभ्यासकांच्या नजरेतून बरेचदा निसटतो. वेदीवरची भाषा परकी होती, म्हणून स्वतःच्या भाषेत देवाशी बोलायची जागा घराकडे सरकली. ओसरी, अंगण, गावच्या वेशीवरचा क्रूस, शेताचा बांध. मराठी ख्रिस्ती माणसाची रोजची भक्ती घडली ती इथे, आणि ती घडवण्यात धर्मगुरूंपेक्षा घरच्या माणसांचा हात मोठा होता.

या गरजेची पहिली नोंद चारशे वर्षांपूर्वीची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, तिकडच्या बोलीची छटा असलेल्या मराठीत. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला का देत नाही? मला हा प्रश्न सगळ्या ग्रंथात मोलाचा वाटतो. धर्म बदलला तरी दुपारी चार माणसं जमवून काही ऐकायची सवय बदललेली नव्हती. स्टीफन्सने कोकणीत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरंही लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये छापून निघाली. पण प्रश्नोत्तरं पाठ करायची असतात. पावसाळ्यातली लांबलचक दुपार त्यांच्यावर निघत नाही. त्याला कथाच लागते, आणि ती ओवीतच लागते.

ही गोष्ट गोड करून सांगण्यात मात्र अर्थ नाही. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होतं, 1567 मध्ये तिथल्या साष्टीतली देवळं पाडली गेली होती. त्या ब्राह्मणाची पुराणं ‘बंद केलीत’ म्हणजे कशी, हे वेगळं सांगायला नको. ज्या सत्तेने जुने ग्रंथ हिरावले, तिच्याच एका माणसाने त्या ग्रंथांच्या छंदात नवा ग्रंथ रचला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांना आपली बोली टाकून पोर्तुगीज धरायला सांगितलं. ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या तोवर निघालेल्या होत्या, 1616, 1649 आणि 1654. आज त्यांतली एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो घराघरांत हाताने उतरवून घेतलेल्या, बहुतेक रोमन लिपीतल्या प्रतींमुळे. मंगळूरकडे अशा प्रती पिढ्यानपिढ्या राहिल्या. टिपूने 1784 मध्ये तिथल्या कॅथलिकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा याच ओव्या म्हणून लोकांनी श्रद्धा टिकवली असं त्या समाजात सांगतात. 1907 मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला जी आवृत्ती छापली ती अशाच हस्तलिखितांवरून. पुढे जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनच्या मार्सडन संग्रहात देवनागरीतली प्रत सापडली. हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, आणि आपल्या संतकवींची चरित्रं इंग्रजीत नेणारेही तेच. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि मराठी वाचकाला आपलं हे पुराण आपल्या लिपीत मिळालं. छापखान्याने हरवलेलं पुस्तक घरांनी सांभाळलं होतं.

उत्तर कोकणातली कहाणी जरा वेगळी. 1534 पासून पोर्तुगिजांकडे असलेली वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले, उरले ते थोडे स्थानिक धर्मगुरू. पुष्कळ चर्चं ओस पडली. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या भिंती आजही उभ्या आहेत, आणि जिथे संत गोन्सालो गार्सियाची आठवण काढतात ते ठिकाणही तिथलंच. वसईत जन्मलेला हा गोन्सालो 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. चर्चं पडली, पण किल्ल्याबाहेर वाडीवस्तीवरचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. हे कशाच्या बळावर, असं विचारलं तर मी बोट दाखवीन ते वेशीवरच्या क्रूसाकडे.

मुंबईत हे क्रूस अजून पुष्कळ आहेत. माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या रनवारमध्ये आणि बाजार रोडला. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला उंच दगडी क्रूस जवळ जाऊन पाहण्यासारखा आहे. त्याच्या अंगावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची सगळी हत्यारं कोरलेली आहेत: खिळे, हातोडा, शिडी, सैनिकांनी झग्यासाठी टाकलेले फासे, पेत्राला लाजवणारा कोंबडा. वाचता न येणाऱ्या माणसाने एकेका वस्तूवर बोट ठेवत सगळी कथा सांगावी, अशी ती योजना. गावठाणांतले पुष्कळ क्रूस मात्र इतके जुने नाहीत. ते प्लेगचे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढची काही वर्षं शहर त्यात होरपळलं. माणसं जथ्याने गाव सोडत होती, उरलेल्यांनी वेशीवर आणि गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले. ज्याने रोग ओळखला तो गोव्याच्या मुळाचा कॅथलिक डॉक्टर, आणि ज्यांनी क्रूस उभारले तेही कॅथलिक. उंदीर पकडून द्यायचे आणि क्रूसापुढे मेणबत्तीही लावायची, यात त्या माणसांना काही विसंगत वाटलं नसावं. मलाही वाटत नाही.

या क्रूसांपुढे मे महिन्यात, आणि गावागावाच्या रिवाजाप्रमाणे एरवीही, संध्याकाळी लदीन, म्हणजे नावं घेत म्हणायची प्रार्थना, होते. क्रूस धुतलेला, झेंडूच्या माळा घातलेल्या, चौथऱ्यावर मेणबत्त्यांची रांग. वारा असला तर एखादा मुलगा दोन्ही हातांची ओंजळ करून ज्योत सांभाळत उभा. म्हणणारा पुढे एकेक नाव घेतो, जमलेली माणसं ठरलेलं उत्तर देतात. जुन्या माणसांच्या तोंडी लॅटिन शब्द असे रुळलेले असतात की मूळचा लॅटिनवाला चक्रावून जावा. प्रार्थना संपली की उकडलेले चणे, त्यात खोबऱ्याचे तुकडे, कागदाच्या पुडीत. फादर असतीलच असं नाही. बहुतेकदा नसतातच, आणि त्यांच्यावाचून अडतही नाही. वर्गणी गल्लीची, चणे कुणाच्या तरी नवसाचे, म्हणणारा शेजारचाच. 2017 मध्ये बाजार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने पाडला तेव्हा लोक एवढे का चिडले, हे चर्चच्या मालमत्तेच्या हिशोबात शोधून सापडणार नाही. तो क्रूस चर्चचा नव्हताच. गल्लीचा होता.

घरातही तेच. दिवेलागणीला चर्चची घंटा वाजली की हातातलं काम थांबवून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, मग जपमाळ, शेवटी लहानांनी मोठ्यांकडून आशीर्वाद घ्यायचा. आधी सगळ्यांत मोठ्या माणसाकडे जायचं, मग उतरत्या वयाने. भांडण झालेली भावंडंही या वेळी एकमेकांसमोर येतात, चुकवता येत नाही. हे सगळं चालवते घरातली म्हातारी. मिस्सा अर्पण करायचा अधिकार कॅथलिक चर्चमध्ये बाईला आजही नाही. पण संध्याकाळच्या जपमाळेत कुणी डुलकी काढली, कुणी शब्द गिळले, कोणत्या आजाऱ्यासाठी आज एक जादा ‘नमो मारिया’ म्हणायची, हे ठरवायचा अधिकार तिचाच असतो आणि त्यावर अपील नाही. शेतीचंही असंच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिकांचा, आगेरा हा सुगीचा सण असतो. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चला नेतात, आशीर्वाद झाला की घरी आणून ठेवतात. आता मुंबईच्या बहुतेक गावठाणांत भातखाचरं नाहीत. कणसं बाहेरून आणावी लागतात, पण ती आणतात.

प्रोटेस्टंटांची अडचण उलटी होती. भाषा पहिल्यापासून मराठी, गोची झाली ती चालीची. अमेरिकन मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला आले. प्रवचन मराठी, बायबल मराठी, आणि गीतं म्हणजे विलायती चालीत बसवलेली भाषांतरं, ज्यांत ऱ्हस्वदीर्घाची पार वाट लागायची. रविवारी मंडळीत उभं राहून ती म्हणता येतात, पण जात्यावर किंवा रात्रीच्या कंदिलाभोवती कोण म्हणेल? नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसं महार आणि मांग वस्त्यांतून आलेली. टाळ आणि एकतारी त्यांच्या घरची. चोखोबा त्यांच्या तोंडी होते. बाप्तिस्मा घेतला म्हणून गळा बदलत नाही, हे मिशनला कळायला वेळ लागला. तिथे ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी हा प्रश्न मुळापासून सोडवला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी अभंगांत आणि भजनांत शेकडो गीतं लिहिली. चित्पावन ब्राह्मणाने लिहावं आणि गावकुसाबाहेरच्या माणसांनी गावं, असा हा योग त्या काळात इतरत्र कुठे जुळला असता याची मला शंका आहे. मराठी प्रोटेस्टंटांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची गीतं काढली तर घरगुती उपासनेचा कणाच निघून जाईल. 1917 मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अशा दरबाराला संस्थेची चौकट मानवत नसते. टिळक 1919 मध्ये गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. गीतं गेली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं उदाहरण मला टिळकांपेक्षाही जवळचं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. पण ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना दिसतं, की सोवळंओवळं त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच सोडून दिलं होतं. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं खायचं, या प्रश्नाशी त्या एकट्याने झगडल्या आणि निकाल स्वतः लावला. पाण्याच्या भांड्यापाशी लागलेला तो निकाल मला पुढच्या विधीहून मोठा वाटतो. टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे पूर्ण केलं तेही त्यांनीच, आणि बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आणखी वेगळी वाट काढली. दुष्काळातून आलेल्या मुली आणि विधवा तिथे विणकाम करत, शेती करत, छापखाना चालवत. प्रार्थनेचा तास आणि कामाचा तास एकमेकांना चिकटलेले. रमाबाईंनी बायबल थेट हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कुणाला न विचारता वाचता यावं म्हणून. त्याचे खिळे जुळवले तिथल्याच बायकांनी. काही वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती, तिने उत्पत्तीची पानं एकेक अक्षर उचलून उभी केली. त्याला उपासना म्हणायचं की मजुरी, हा प्रश्न केडगावात कुणाला पडला नसेल. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण छापील बायबल त्यानंतर बाहेर आलं.

मिस्सा मराठीत आली तेव्हा घरातली जपमाळ अधिक घट्ट होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. चर्चमध्ये सगळं कळू लागलं, मराठी गीतं आली, वसईच्या धर्मग्रामांत उत्तम गायनमंडळं उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं आणि त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. घरची प्रार्थना मात्र मागे पडत गेली. दोष मिस्सेचा नाही. संध्याकाळीच घरात कुणी नसतं. चर्चगेटहून निघालेला माणूस वसईला उतरून रिक्षाने घरी पोचतो तोवर दिवेलागण होऊन दोन तास उलटलेले असतात. मार्च 2020 मध्ये कोविडच्या टाळेबंदीत चर्चं बंद झाली तेव्हा सगळे घरी होते आणि काही महिने पुन्हा ओसरीवर जपमाळ झाली. मोबाइलवर मिस्सा लावून लोक सोफ्यावर गुडघे टेकत होते. गाड्या सुरू झाल्या तशी ती संध्याकाळ पुन्हा गेली.

आता ती नऊ वाजता होते, किंवा ऑक्टोबरात आणि मे महिन्यात मारियेची मूर्ती घरोघरी फिरते तेव्हा. वाडीतली पाचसहा कुटुंबं आळीपाळीने एकमेकांकडे जमतात. मुलं इंग्रजी शाळेतली. धर्मशिक्षणाचा वर्गही पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत. ‘नमो मारिया’चे दोन भाग असतात, एक पुढच्याने म्हणायचा आणि दुसरा सगळ्यांनी मिळून. काही घरांत हल्ली पहिला भाग आजी मराठीत म्हणते आणि नातवंडं दुसरा इंग्रजीत. दहा मणी असे सरळ पार पडतात. भाषेबद्दल आजीची तक्रार नसते. पोरं फार भरभर म्हणतात, एवढंच तिचं म्हणणं.